अनुसयाबाईची पुडी

देवकाबाईच्या गोळीचं नाव काढलं की अनुसयाबाई नाक मुरडायची. दोघी सख्ख्या जावा, दोघींचेही गुडघे संधिवाताने सुजलेले. पण थोरलीला धाकटीचं औषधसुद्धा आपल्या पायरीचं वाटत नसे. देवका सरकारी दवाखान्यातली दुखण्याची साधी गोळी जेवणानंतर घ्यायची. ठणका निम्मा जायचा, निम्मा राहायचा. अनुसया चिचगडच्या बाजारात फटफटीवर येणाऱ्या डॉक्टरची पांढरी पुडी तोंडात टाकायची आणि तासाभरात तुरुतुरु चालायची.

"उपाशीपोटी नोको, पाणी जास्त पी! औषध आहे का सासू?" ती धानाच्या बांधीत, चिखलात उभ्या सगळ्या बायांसमोर म्हणायची. "गोळी खाऊनबी लंगडूनच राहिली वं, देवका."

बाया फिदीफिदी हसायच्या. रोवण्याच्या टोळीत पुढं राहण्याचा मान सतरा वर्षं अनुसयेचा होता. तिच्या हाताच्या वेगाने बाकीच्यांनी धान रोवायचं, मागे पडेल तिने बोलणी खायची. हा मान धाकटीकडे जाऊ नये म्हणूनच तर पुडी होती. त्यात दोन वर्षांत तिचा चेहरा फुगून गोल झाला. बाया म्हणाल्या, अंग धरलं. ती सूज ही बया आरशात कौतुकाने न्याहाळायची. काय म्हणावं अशा अकलेला!

२००९ च्या रोवण्यात बोगस डॉक्टरांवरच्या धाडीची कुणकुण लागली आणि तो डॉक्टर फटफटीसकट पसार झाला. पुड्या संपल्या. चौथ्या दिवशी अनुसया पऱ्ह्यांची, धानाच्या कोवळ्या रोपांची, पेंडी हातात धरून चिखलात कोसळली. देवकानेच तिला गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

"पुडीत स्टेरॉइड होतं," तिथल्या स्नेहल डॉक्टर म्हणाल्या. "एकदम बंद झालं म्हणून पडल्या. आता तेच मोजून देत महिनोन्‌महिने कमी करावं लागेल."

"मंग दुखण्याले देवकाची गोळी तरी द्या ना, बाई."

"ती तुम्हाला चालत नाही. त्या पुडीने पोटात जखम झाली आहे. रक्त जाईल."

अनुसया देवकाच्या तोंडाकडे बघत राहिली. देवका हसली नाही, त्याचाच तिला जास्त राग आला.

पुढच्या रोवण्यात टोळीच्या पुढं देवका होती. बांधावर बसलेल्या अनुसयेला राहवेना.

"काऊन वं, असी हळू हळू रोवून राहिली?"

कुणीच हसलं नाही. देवका मानही वर न करता म्हणाली,

"बाई, उन्हात नोका बसू. सावलीत सरका."

हातांवर भार देत अनुसया सरकली.