माझं चाक घसरत नाही

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे, आणि सगळ्यात आधी एक गोष्ट नीट कान देऊन ऐका. माझं चाक घसरत नाही. कधीच घसरलं नाही. बँकेच्या या सगळ्यात खालच्या खणात, वाळून कडक झालेल्या शाईच्या गादीशेजारी मला ज्या कारणासाठी टाकलंय, ते कारण धादांत खोटं आहे. रबराचा असलो म्हणून मला राग येत नाही, असं समजू नका.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या लहानशा कारखान्यात झाला. लाकडी मूठ, पितळी चौकट, आत दिवस, महिना आणि वर्षाच्या रबरी पट्ट्या, आणि त्या फिरवायला बाजूला दातेरी चाकं. मला घडवणारे म्हातारे कारागीर चष्मा कपाळावर सारून प्रत्येक चाक अंगठ्याने दाबून बघत. बँकेचा माणूस मला न्यायला आला तेव्हा कुरकुरला, "फार घट्ट आहे हो. फिरवताना नख तुटेल."

"तुटू दे," कारागीर म्हणाले. "नख पुन्हा येतं. सैल चाकाची तारीख कोण खरी मानेल?"

त्यांचं हे बोलणं मी कधी विसरलो नाही.

बँकेत मी खिडकीवरच्या बाईंच्या हाती आलो. रोज सकाळी खुर्चीत टेकायच्या आधी त्या पेन्सिलीच्या टोकाने माझं चाक एक घर पुढे ढकलत आणि रद्दी कागदावर एक ठसा उमटवून बघत. मग दिवसभर ठक ठक ठक. एक निवृत्त मास्तर पावती डोळ्यांजवळ नेऊन दर वेळी म्हणायचे, "वा! काय ठसठशीत उमटतो!" मी फुगून जायचो. माझं काम तसं एवढंसंच. आज कोणती तारीख आहे ते सांगायचं. त्यात मी कधी कसूर केली नाही.

मग नवे मॅनेजर आले. साखरेत घोळल्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना साखरसाहेब म्हणत. दर महिन्याला इतकी नवी खाती उघडलीच पाहिजेत, असा मुख्य कचेरीचा हुकूम होता. आकडा भरला की शाबासकी, नाही भरला की फोनवर खरडपट्टी.

एके दिवशी जवळच्या धुलाई कारखान्यातल्या बायका घोळक्याने आल्या. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या. सगळ्यांची बोटं पाण्याने सुरकुतलेली, अंगाला साबणाचा वास. त्यांत दोन सख्ख्या जावा होत्या, थोरली आणि धाकटी. दोघी एकाच बाकावर बसल्या आणि एकाच पेनाने त्यांनी अर्ज भरले. या खात्यासोबत अपघाताचा विमा मिळणार होता, खातं उघडल्या दिवसापासून. धाकटी गरम दाबयंत्रावर काम करायची. तिने सहीखाली तारीख लिहिली आणि हसून म्हणाली, "चला, आता जिवाला घोर नाही."

बायका गेल्या आणि साखरसाहेब खिडकीशी आले.

"बाई, सगळी खाती आज उघडू नका हं. हा महिना ओसंडून वाहील आणि पुढच्या महिन्यात मी काय दाखवू? निम्मी आजची करा. उरलेल्या अर्जांवर पुढच्या महिन्याच्या तारखा मारून खणात ठेवा. थोडं अंतर राखून उघडू."

"साहेब, पण त्यांनी आज दिलेत."

"कुणाला कळतंय? आणि कुणाचं काय बिघडतंय?"

बाईंनी पेन्सिल उचलली. मित्रांनो, मी होता नव्हता तेवढा जोर लावला. चाक हलू दिलं नाही. पेन्सिलीचं टोक तुटलं. बाईंनी दुसरी घेतली. शेवटी माणसाच्या हातापुढे रबराचं काय चालणार? मी पुढे फिरलो, आणि जी तारीख अजून उजाडलीच नव्हती ती धाकटीच्या अर्जावर उमटवली. थोरलीचं खातं त्याच दिवशी उघडलं. धाकटीचा अर्ज खणात गेला, आणि बाई मूग गिळून बसल्या.

दहा-बारा दिवसांत धाकटीचा उजवा हात दाबयंत्रात सापडला.

थोरली तिला घेऊन आली. हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं. साखरसाहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, हळहळ हळहळ हळहळले आणि म्हणाले, "पण ताई, तुमचं खातं अजून उघडलेलंच नाही. वरातीमागून घोडं कसं आणायचं?"

"साहेब, आम्ही एका बाकावर बसून अर्ज दिले," थोरली कडाडली. "माझं खातं उघडतं आणि हिचं नाही? हिची शाई काय पातळ होती?"

"नियम आहेत ना, ताई."

नियम! माझी तारीख पुढे ढकलताना कुठे गेला होता हा नियम? मला ओरडायचं होतं. पण मला बोलता येतं ते फक्त कुणी कागदावर आपटलं तरच.

थोरली गप्प बसणारी नव्हती. तिने थेट मुख्य कचेरी गाठली. तिथून तपासनीस आले, त्यांनी दोघी जावांना समोर बसवलं आणि खण उघडायला लावला. धाकटीच्या अर्जावर तिच्या हातची तारीख एक होती, आणि माझी दुसरी, जी यायला अजून बरेच दिवस होते.

साखरसाहेबांनी मला उचललं आणि गोड हसले. "शिक्का जुना झालाय, साहेब. चाक घसरतं त्याचं. आता यात कुणाची चूक म्हणायची?"

चोराच्या उलट्या बोंबा! शिक्क्याची चूक म्हणजे कुणाचीच चूक नाही. कुणी जबाबदार नाही, कुणी भरपाई द्यायची नाही. एका बाईचा हात भाजला आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर!

तपासनिसांनी मला हातात घेतलं. अंगठ्याने चाक ढकललं. हललं नाही. पुन्हा ढकललं. मग ते खिडकीकडे वळले. "बाई, रोज तुम्हीच वापरता ना? घसरतं का हे?"

बाईंनी आधी साखरसाहेबांकडे पाहिलं. मग धाकटीच्या बँडेजकडे पाहिलं.

"नाही घसरत, साहेब," त्या म्हणाल्या. "मी फिरवलं. यांनी सांगितलं म्हणून फिरवलं. सगळ्यांचे अर्ज एकाच दिवशी आले होते."

"त्याच दिवशी बोलला असतात तर?" थोरली म्हणाली. माझाही बाईंवर तोच राग आहे, आणि तरी त्या दिवशी त्या बोलल्या हेही मी विसरत नाही.

धाकटीचं खातं अर्ज दिल्या दिवसापासून धरलं गेलं. विमा मिळाला. साखरसाहेबांची बदली झाली, तीही मोठ्या शाखेत. आणि बँकेने आपलं नाक वर राहावं म्हणून अहवालात काय लिहिलं, माहीत आहे? "जुना शिक्का सदोष आढळला. बदलण्यात यावा." बाई बोलल्या ते कागदावर कुठेच नाही. खिडकीत आता विजेवर चालणारं नवं यंत्र आहे. माझ्या वर्षाच्या पट्टीवर अजून कितीतरी वर्षं कोरी राहिली आहेत. ती आता कधीच उमटणार नाहीत.

मला खणातून बाहेर काढा, पुसा, शाई द्या, असं मी म्हणणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. धाकटी अजूनही बँकेत येते. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, म्हणून कागद डाव्या हाताने सरकवते. ठसा उमटला की खिडकीतच उभी राहते आणि तारीख मोठ्याने वाचते. मागची रांग चुळबुळ करते, तरी पूर्ण वाचते आणि मगच जाते.

मित्रांनो, तुम्हीही कुठे कागद दिलात तर तसंच करा. तिथेच उभे राहा आणि वाचा. तारीख चुकलेली दिसली आणि कुणी म्हणालं की चाक घसरलं, तर विचारा, फिरवलं कोणी?