चिऊची गुळणी

बैठक संपली तेव्हा तिच्या चहावर साय धरली होती. औषध-कंपनीतली ती जुनी रसायनतज्ज्ञ. तिचा गट ज्यावर औषध शोधत होता तो स्नायू दुबळे करणारा आजार इतका दुर्मीळ, की ते नवं औषध घेऊन पाहणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकीच होती. त्यातल्या एकीच्या रक्तात औषधाचा मागमूस नव्हता.

"औषध अंगी लागतच नाहीये," साहेब म्हणाले. "पुढच्या बैठकीत गाशा गुंडाळू."

घरीही तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नवऱ्याने पहिला घास घेऊन विचारलं, "मीठ दोनदा घातलंस का गं?" तिला आठवेना.

दुसऱ्या दिवशी तिने मुलीच्या डॉक्टरांना गाठलं आणि त्यांच्याबरोबर थेट घरीच गेली. मुलगी सात वर्षांची. घरचे तिला चिऊ म्हणत.

"एक वेळ चुकवली नाही हो," आई म्हणाली. "माझ्या हाताने पाजते." तिने औषध पाजूनही दाखवलं. चिऊने ते गपकन तोंडात घेतलं. "शहाणं गं माझं बाळ ते!" आईचा चेहरा फुलला.

"शाळेत मैत्रीण कोण आहे तुझी?" पाहुणीने विचारलं. चिऊने नुसतीच मान हलवली, ओठ घट्ट मिटलेले, आणि भिंतीला धरत धरत ती न्हाणीघराकडे निघाली. पाहुणीच्या मनात पाल चुकचुकली. ती मागोमाग गेली.

बेसिनमध्ये पिवळं पाणी होतं.

"आईला सांगू नका ना, मावशी. मी प्यायले की ती किती खूश होते!"

"मग पीत का नाहीस?"

"तुम्हीच पिऊन बघा."

तिने बाहेर येऊन बाटलीच्या तोंडाला बोट लावलं आणि चाटलं. कडूपणा पार कानशिलांपर्यंत चढला. इतकी वर्षं या औषधात बुडालेली असून तिने ते जिभेवर कधी ठेवलंच नव्हतं.

आईने सगळं ऐकलं होतं. तिचा हात उगारला गेला आणि तसाच वर राहिला. मग तिने चमचाभर औषध स्वतःच्या तोंडात टाकलं आणि ती चिऊसमोर खाली बसली. "मला का नाही सांगितलंस गं?"

"तू रडली असतीस."

आई रडतच होती.

"मुलांचा जीव चाललाय आणि तुम्हाला चवीचं पडलंय?" पुढच्या बैठकीत तिने कडूपणा घालवायला मुदत मागितली, तसे साहेब कडाडले.

"थुंकलेल्या औषधाने जीव वाचत नाही, साहेब."

मुदत मिळाली, तीही कुरकुरतच. औषधाचे दाणे करून त्यांवर पोटात गेल्यावरच विरघळेल असा लेप द्यायचा, असं ठरलं. पहिले दाणे एकमेकांना चिकटून त्यांचा लाडू झाला. पुढचे चिऊच्या घशात अडकतील एवढे मोठे. रसायनतज्ज्ञ येरझाऱ्या घालायची, स्वतः चाखायची, तोंड वाकडं करायची, पुन्हा सुरुवात. शेवटी खसखशीएवढे दाणे जमले. ते केळ्याच्या घासातून चिऊने गिळले आणि लगेच दुसरा घास मागितला.

तपासणीत तिच्या रक्तात औषध सापडलं. काम बंद पडायचं टळलं. "गेलेली ताकद परत येईलच असं नाही," डॉक्टरांनी आईला बजावलं, "पण उरलेली टिकली तरी खूप झालं."

कंपनीत अभिनंदनाची झुंबड उडाली. ती मात्र खुर्चीला टेकली नाही. औषध कसं लागतं, हे बाकीच्या मुलांना कुणी विचारलंच नव्हतं. तिने दुसऱ्या मुलाच्या घरी फोन लावला.

"आईशी नको," ती म्हणाली, "त्यालाच द्या फोन."