पारा खरं सांगत होता

मित्रांनो, तुमच्या घरी ताप मोजून पिंपिं वाजणारं यंत्र असेल. मी त्याच्या आधीचा, एक जुना काचेचा थर्मामीटर आहे. एका कारागिराने आचेवर माझी बारीक नळी घडवली, पोटात पारा भरला आणि मी एका शिंप्याच्या घरी आलो. त्याचा मुलगा लहानपणी आजारी पडला की मीच कामाला यायचो. "हा कधी खोटं बोलत नाही," शिंप्याची बायको कौतुकाने म्हणायची. ती गेली आणि शिंप्याने देवापुढे हात जोडणंच सोडलं. मीही कपाटात पडून राहिलो.

पुढे मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं. तो कामासाठी सदा बाहेरगावी, सून नोकरीवर. त्यामुळे नात चिमणी दिवसभर आजोबांजवळ, म्हणजे त्या शिंप्याजवळ असायची. तिला ताप आला, तेव्हा गिऱ्हाइकं दारात खोळंबली होती. आजोबांनी मला तिच्या काखेत ठेवलं, मग चष्मा न लावताच उजेडात धरलं. "जराशी कणकण आहे," म्हणत त्यांनी मला खिशात टाकलं. माझा पारा पार वर चढला होता. मला ओरडता आलं नाही.

संध्याकाळी चिमणी कुणाला ओळखेना. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला सूज आलीय. लवकर आणायला हवं होतं."

मुलगा धावतपळत दवाखान्यात पोचला. बाकावरून आजोबा उठले. "मला काय बोलायचं ते बोल. मी साधा चष्मासुद्धा लावला नाही रे."

मुलगा मटकन शेजारी बसला. "मी तरी कुठे होतो, बाबा? फोनवर 'बरी आहे ना' विचारलं, की झालं माझं काम."

सून डोळे मिटून प्रार्थना पुटपुटत होती. आजोबांनी चाचरत विचारलं, "मीही म्हणू का गं? मला शब्द आठवत नाहीत."

"शब्द राहू द्या, बाबा. नुसतं मागा."

तिघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले. त्या खिशात मला आजोबांच्या छातीची धडधड ऐकू येत होती.

चिमणी वाचली, पण तिचा डावा कान कायमचा गेला. आता मुलाने जवळच काम धरलंय. सगळे एकत्र जेवतात, हात जोडतात. प्रार्थना म्हणताना आजोबांची नजर त्या कानाकडे जाते आणि ते शब्द चुकतात. मग चिमणी म्हणते, "आजोबा, या बाजूला बसा ना. इकडून तुम्ही छान ऐकू येता."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. पण घरात कुणी "बरं वाटत नाही" म्हणालं, तर हातातलं काम खाली ठेवा आणि त्याच्याकडे नीट बघा.