नाळेवरचा बोल्ट

"तुमचा माल खोटा हाय, ताई," असं हरेश चारचौघांसमोर माझ्या काउंटरवर म्हणाला आणि माझं डोकंच सटकलं. जुईनगरला आमचं नट-बोल्टचं दुकान सासऱ्यांच्या काळापासून आहे. मला भांडकुदळ म्हणा, तोंडाळ म्हणा, म्हणतातच लोक. पण मालाला नावं ठेवायची नाहीत.

मी त्याला चांगली सुनावणार होते, तेवढ्यात त्याने आणलेला तुटका बोल्ट हातात घेतला आणि राग बाजूलाच राहिला. बोल्टचं डोकं ठणठणीत, आटे बऱ्यापैकी शाबूत, आणि मध्ये एकाच जागी उंदराने कुरतडल्यासारखा खाल्लेला. गंजायचा तर सगळाच गंजेल ना? एवढ्याशाच जागेशी कसलं वैर?

हरेश दिवाळे गावचा कोळी. त्याची फायबरची छोटी बोट आहे. मासेमारी करतो, थंडीत लोकांना खाडीत फ्लेमिंगो दाखवायला नेतो. बोटीच्या नाळेवर, म्हणजे अगदी तोंडाशी, एक लोखंडी कडी असते. धक्क्याला बांधायचा दोर तिच्यातच आणि बोट ट्रेलरवर ओढून घ्यायची तारही तिच्यातच. ती कडी धरून ठेवणारा बोल्ट पुन्हा पुन्हा तुटत होता. हा तिसरा. त्याच्या आईने, बयाबाईने, आता निक्षून सांगितलं होतं: आणखी एक तुटला की बोट विकायची आणि द्रोणागिरीच्या गोदामात कामाला लागायचं. नवरा खाडीत गमावलेली बाई, तिच्याशी वाद कोण घालणार?

"गोदामात मी मरून जाईन, ताई," हरेश म्हणाला. रडगाणं नव्हतं त्यात, सरळ सांगत होता.

मी त्याची उलटतपासणी घेतली. बोल्ट माझाच, जस्ताच्या गरम रसात बुडवलेला, जाड थराचा. चकचकीत मुलामा दिलेले स्वस्त बोल्ट मी खाडीवाल्यांना देतच नाही, ते एका पावसाळ्यात लाल होतात. स्टेनलेस का नाही लावलं, तर पहिला बोल्ट त्याने दुसरीकडून स्टेनलेसचाच घेतला होता, लोहचुंबक लावून. आमच्या लाइनीतलं हे एक खूळच आहे. चुंबक चिकटला नाही की माल अस्सल, असं सगळे धरून चालतात. अरे, हलकं स्टेनलेसही चिकटत नाही, आणि खाऱ्या पाण्यात त्याची वाट लागते. म्हणजे पहिल्याचं कारण कळलं. पण पुढचे दोन माझे होते, आणि त्यांचं काय झालं ते मला कळेना.

"ट्रेलरचे बोल्ट कुठले?" मी विचारलं.

तेही माझेच, त्याच खोक्यातले. ट्रेलर रोज उतारावरून पाण्यात जातो, चिखलात रुततो, आणि त्याचे बोल्ट नव्यासारखे. झालं, माझी झोप उडाली. माझा मुलगा शौनक म्हणाला, आई, दुसरा बोल्ट दे आणि विषय संपव, उगाच टेन्शन घेऊ नकोस. नवा बोल्ट दिला मी, पण नाही संपत माझा विषय. एखादी गोष्ट कळली नाही की मला जेवण जात नाही, काय करणार?

रविवारी रिक्षा केली आणि दिवाळ्याला धडकले. बोट ट्रेलरवर काढून ठेवलेली होती. बयाबाई चहा घेऊन आली आणि तिथेच उलट्या टोपलीवर बसली. मी हरेशला नाळेवरचा नवा बोल्ट खोलायला लावला. आतल्या बाजूला नटखाली हळदी-कुंकवाचा जाड लगदा होता, लाल दोरा गुंडाळलेला, आणि त्याच्या आत काहीतरी गोल, चपटं.

"हा वायसर कुठला?" मी विचारलं. "हा नव्हता सांगितलास."

"तो वायसर नाय ताई, देव हाय," हरेश म्हणाला.

भोकाचा पैसा. जुना, तांब्याचा. त्यांच्या घरात बोटीचा बोल्ट बदलला की बयाबाई पूजा करून तो पैसा देणार आणि हरेश तो आधी बोल्टमध्ये ओवणार, मग नट. दुकानात मी त्याला दहा वेळा विचारलं होतं, बोल्टवर काय काय बसवतोस, आणि त्याने सगळं सांगितलं होतं, पैसा सोडून. देवाला कोणी सामानात धरतं का?

मी नखाने लगदा खरवडला. तांबं लखलखीत. पैसा जिथे टेकायचा, नेमका तिथेच जस्ताचा थर एवढ्यातच पांढरी भुकटी होऊन उडायला लागला होता. मला असा काही आनंद झाला म्हणून सांगू. मी तिथेच शाळा भरवली. तांबं आणि जस्त एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं, की तांबं मजेत राहतं आणि जस्त झिजतं, मग खालचं लोखंड. बॅटरीत होतं तसंच. ट्रेलरवर पैसा नाही, म्हणून ट्रेलरचे बोल्ट शाबूत.

"माल खोटा नव्हता," मी हात झटकत म्हणाले. "तुमच्या पैशानेच बोल्ट खाल्ला."

हरेश हसायलाच लागला. पैसा लोखंडाला न टेकवता आत फायबरमध्ये रेझिनने बसवून टाकतो, देव जागेवर आणि बोल्टही जागेवर, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. बोट वाचली होती. त्याने माझ्यासाठी आणखी चहा सांगितला.

बयाबाई मात्र हसली नाही. तिने माझ्या हातातून पैसा घेतला आणि लुगड्याला पुसला.

"हरेशच्या बापाच्या बोटीला बी ह्योच व्हता," ती म्हणाली. "मीच द्यायची."

मग तिने सांगितलं. वादळाचे दिवस होते, लाकडाची जुनी बोट नांगरून नवरा आत झोपला होता. रात्री नांगराचा दोर बांधलेली नाळेवरची कडी निघाली. बोट उरणच्या बाजूला सापडली, तो सापडला नाही.

"बोल्ट असाच तुटलेला. मी बगितलेला," बयाबाई म्हणाली. "मंग त्यो बी पैशानंच खाल्ला का, बाय?"

माझ्या तोंडात प्रश्नांची गर्दी झाली होती. बोल्ट कसला होता, कुठे तुटला, पैसा किती वर्षं होता. मी एकही विचारला नाही.

"नाही मावशी," मी म्हणाले. "ती लाकडाची बोट. लाकडात असं होत नाही. हे फायबरमध्येच होतं."

"नक्की?"

"माझा धंदाच आहे हा."

 मग मान हलवून तिने पैसा हरेशच्या हातात दिला आणि कपबशा गोळा करून घराकडे गेली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. कशाला आले मी इथे मरायला, असं वाटलं.

हरेश मला बाइकवरून हायवेपर्यंत सोडायला आला. मी उतरले तरी त्याने गाडी वळवली नाही.

"ताई, लाकडात खरंच होत नाय?"

खोटं एकदाच बोलता येतं मला.

"लाकडात जास्त होतं रे," मी म्हणाले. "लाकूड ओलं राहतं ना."

त्याने गाडी सुरू केली. मग म्हणाला, "आईला तुमी सांगितलं तेच ऱ्हाऊ दे." आणि गाडी वळवून दिवाळ्याकडे गेला.