शून्याच्या जागी प्रश्नचिन्ह

अक्षयाने संगणकाला द्यायच्या आज्ञेतल्या ‘कोअर=०’मधलं शून्य पुसलं, त्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं आणि पुन्हा शून्य केलं. सकाळपासून हेच चाललं होतं. बूड एका जागी टेकत नव्हतं. चहा दोनदा झाला, अंगणातली आमसुलं उगीचच तीनदा उलटून झाली.

प्रश्न तसा टीचभर. संगणकाच्या आत एखादी गोष्ट किती वेळा घडते हे मोजायला ऑपरेटिंग सिस्टीमला आज्ञा द्यावी लागते. प्रोसेसरच्या अनेक कोअरपैकी, म्हणजे गणनाभागांपैकी, कोणत्या कोअरवर मोजायचं हा आकडा माणसाने दिलाच नाही तर? शून्य क्रमांकाचा धरा, लोकांना सोपं पडतं, असं ही मोजणीची यंत्रणा सांभाळणाऱ्या जर्मनीतल्या गृहस्थाचं म्हणणं. अक्षयाला तिथे प्रश्नचिन्ह हवं होतं. आकडा तुम्हीच द्यायचा आहे हे वाचताक्षणी दिसावं, आणि नाही दिला तर यंत्रणेने मोजायला साफ नकार द्यावा. शून्यामुळे खरंच कुणी फसलं असेल तर संध्याकाळपर्यंत दाखवा, नाहीतर शून्य कायम, असं त्याने कळवलं होतं.

फसली होती ती स्वतःच. मार्चमध्ये तिने कंपनीला अहवाल दिला होता की सर्व्हर निम्मे रिकामे पडून आहेत. कोअरचा आकडा द्यायला ती विसरली होती, आणि यंत्रणेने मुकाट्याने एकाच कोअरचं मोजून तिच्या हातावर ठेवलं होतं. हे तिला गेल्या आठवड्यात कळलं. त्याच अहवालावर खूश होऊन साहेबांनी तिला पूर्णगडच्या घरून काम करायची मुभा दिली होती. सात वर्षं पुण्यात काढून ती आईजवळ आली होती; चूक कबूल केली तर ते सुटायची भीती होती.

तिची आई कमळा दारात येऊन उभी राहिली.

“काय झाला गो? सकाळपासून नुसती फिरत्येस.”

अक्षयाने आईला सगळं सांगितलं. चूक कबूल केली तर आपलं म्हणणं टिकेल, पण पुण्याला परत जावं लागेल कदाचित, हेही सांगितलं.

“आणि नाही सांगितलंस तर?”

“तर दुसरा कुणी असाच फसेल. त्याला कळणारही नाही.”

 कमळा पदराला हात पुसत आत गेली.

अक्षयाने मार्चचा अहवाल जोडला. वर एकच ओळ लिहिली: हा चुकीचा आहे, आणि तो मी लिहिला आहे. जर्मनीच्या पत्त्याखाली साहेबांचा पत्ता घातला आणि पाठवून दिलं.

“पाठवलंस?” आतून आवाज आला.

“पाठवलं.”

“उद्या बांगडे आणत्ये. पुण्याला जाईस्तवर तरी नीट जेव.”