बाथरूमसमोरचा बाक

मित्रांनो, मुलींच्या वसतिगृहात जिन्याखाली मोडक्या खुर्च्या, फुटक्या बादल्या आणि एक बंद पडलेला पंखा ठेवलेला आहे. त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून मी उभा असतो. मी एक जुना लाकडी बाक. माझी कहाणी फार मोठी नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

वसतिगृह बांधून झालं, तेव्हा दारं-खिडक्या करून उरलेल्या लाकडातून सुतारकाकांनी मला घडवलं. माझ्या कडा त्यांनी पुन्हा पुन्हा घासल्या. "आंघोळ करून पोरी ओल्या हातांनी टेकतील, लाकूड टोचायला नको," असं ते म्हणाले. मग मला दुसऱ्या मजल्यावर बाथरूमसमोर ठेवण्यात आलं.

त्या अख्ख्या मजल्याला मिळून चारच बाथरूम होत्या. सकाळ झाली की मुली बादली, टॉवेल आणि डोळ्यांत उरलेली झोप घेऊन माझ्यावर येऊन बसत. त्यांतली एक आत गेली की बाहेर यायचं नावच घेत नसे. तिला सगळ्या 'राणीसरकार' म्हणत.

"राणीसरकार, आत समुद्र आटवताय का?"

"आले, आले! केसांना साबण आहे!"

"तो कालपण होता!"

कुरकुर रोजची होती. पण त्या कुरकुरीतच माझ्यावर बसून कुणी तोंडी परीक्षेची तयारी केली, कुणी कुणाची वेणी घातली, नापास झालेलीने शेजारणीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. आंघोळीआधीचा चेहरा कुणाला लपवता येत नाही, मित्रांनो. कोण रडून आली आणि कोण जागून आली, हे रांगेत सगळ्यांना दिसायचं.

एका थंडीत रोज पहिला नंबर लावणारी मुलगी आलीच नाही. तिचा आवाज बारीक, म्हणून तिला 'चिमणी' म्हणत.

"चिमणी कुठाय गं?"

"झोपली असेल."

"ती? ती तर कोंबड्याला उठवते!" असं म्हणून राणीसरकार हातातली बादली ठेवून तिच्या खोलीकडे गेली, आणि तिथूनच किंचाळली.

चिमणी तापाने फणफणली होती. हाक मारली तरी ओ देत नव्हती. तेव्हा जिन्याशिवाय दुसरी वाट नव्हती. मुलींनी मला उचललं, माझ्यावर चिमणीला निजवलं आणि सांभाळून खाली नेलं. वळणावर माझा पाय भिंतीला घासला, तो ओरखडा अजून माझ्या पायावर आहे. चिमणी बरी होऊन परतली, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. रेक्टरबाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "या बाकाने पोर वाचवली हो!"

मी अगदी फुशारलो. पण खरं सांगू? मला तर उचलूनच न्यावं लागलं. तिला वाचवलं ते 'चिमणी कुठाय?' या प्रश्नाने.

पुढे इमारतीची दुरुस्ती झाली. प्रत्येक मुलीला वेगळी खोली मिळाली आणि खोलीतच बाथरूम. मुली हरखून गेल्या. "आता कुणाची वाट बघायला नको!" त्यांचं सुख मला खुपलं नाही. रांगेत कुडकुडणाऱ्या पोरी मी पाहिल्या होत्या. रंगाऱ्यांनी थोडे दिवस माझ्यावर डबे ठेवले, आणि मग मी जिन्याखाली आलो.

तिथे बरीच वर्षं कुणी फिरकलं नाही. मग पहिल्या वर्षाची एक मुलगी संध्याकाळी येऊन माझ्यावर बसू लागली. ती वडिलांशी फोनवर बोलायची.

"हो बाबा, जेवले. हो, खूप मैत्रिणी झाल्यात."

तिच्यासोबत मी कधीच कुणाला पाहिलं नव्हतं. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ माझ्या कडेवरून बोट फिरवत बसायची. एका संध्याकाळी ती सारखी खोकत होती. "जरासा ताप आहे, बाबा. तुम्ही येऊ नका, उगाच रजा जाईल."

त्यानंतर ती आली नाही. ती फोन उचलेना, तेव्हा वडिलांनी वसतिगृहाच्या ऑफिसात फोन लावला. "अभ्यासात असेल, बघतो," असं उत्तर मिळालं. बघायला सकाळ उजाडली. आता लिफ्ट होती, चाकांचं स्ट्रेचर होतं, दारात गाडीही आली. पण उशीर झाला होता. ती परत आली नाही.

तिचं सामान न्यायला वडील आले. तिची बॅग मांडीवर घेऊन ते माझ्यावर बसले. भोवती मुली जमल्या.

"तिच्या मैत्रिणींना भेटायचं होतं," ते म्हणाले. "तुमच्याबद्दल फार बोलायची."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी एक पुढे आली. "काका, मी तिच्या शेजारच्या खोलीत राहते. पण... मला तिचं नावसुद्धा कालच कळलं." आणि ती रडू लागली.

मला वाटलं, आता ते रागावतील. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मग मीच सांगतो. बस."

मुली जमिनीवर बसल्या. वडील सांगत राहिले. ती मांजराला घाबरायची. पावाची कड आधी खायची. आंघोळ करताना इतकं बेसूर गायची, की घरातले सगळे कानांवर हात ठेवायचे.

"ते मला ऐकू यायचं," शेजारची मुलगी हळूच म्हणाली. "भिंतीतून. शेवटी शेवटी बंद झालं होतं."

वडिलांनी बॅगेचा पट्टा उघडला, पुन्हा लावला.

मित्रांनो, मला रंग द्या, माझी डागडुजी करा, असं मी म्हणत नाही. जुनं लाकूड आहे, जाईल एक दिवस. तुम्ही फक्त शेजारचं दार वाजवत जा. आतून "काय कटकट आहे!" असं ऐकू आलं, तर हसून परत फिरा.