वालसेरची ओदियेर्न

मी ओदियेर्न बोलतेय. बाई नव्हे, घंटा. वालसेरच्या चर्चची, काशाची, गळ्यापाशी थोडी जाड. त्याच नावाची एक बाईही होती. तिचं आणि माझं आयुष्य एकमेकींपासून वेगळं काढता येत नाही, म्हणून माझं सांगताना तिचंही सांगावं लागेल.

बातमी आली त्या दिवशी गावात लोकर कातरायचं काम चाललं होतं. चर्चच्या अंगणात मेंढ्या कोंडलेल्या, बायका लोकरीचे गठ्ठे वळत होत्या, आणि माझा घंटावाला बोदे मनोऱ्याच्या सावलीत बसून पाव आणि कांदा खात होता. तेवढ्यात नदीकडच्या वाटेनं एक माणूस लंगडत आला. आधी कुणी ओळखलं नाही. मग एका बाईनं हातातला गठ्ठा खाली ठेवला.

"अगं, हा तर कोला. गढीवरचा आचारी."

कोला आमच्या सरदार अँसोबरोबर समुद्रापलीकडे धर्मयुद्धाला गेला होता. जाताना घोडी, खेचरं, तंबू, भालेवाले असा लवाजमा होता. परत आला तो एकटा कोला.

"धनी कुठंयत?" बोदेनं विचारलं.

"धनी राहिले."

"राहिले म्हणजे?"

"राहिले म्हणजे राहिले. नदीकाठी घोड्यावरून पडले. मी पाहिलं. मग आम्ही सगळे पळालो."

बोदेनं उरलेला पाव खिशात घातला, हात पुसले आणि दोर धरला. आमच्याकडे पुरुष गेला की मी तीन-तीन टोल देते, बाई गेली की दोन-दोन. शेतातला माणूस नुसतं ऐकून ओळखतो, टोपी काढतो आणि गेलेल्यासाठी प्रार्थना पुटपुटतो. माझा आवाज झाला नाही तोवर कुणी मेलेलं नसतं.

बोदेनं दोर ताणला. माझा लोलक हललासुद्धा. तेवढ्यात गढीची वाट उतरून सरदाराची बायको आली, ओदियेर्न. पिठाचे हात तसेच होते.

"बोदे, दोर सोड."

"बाईसाहेब, कोला आलाय. तो म्हणतो—"

"काय म्हणतो ते त्यालाच मला सांगू दे."

कोलानं पुन्हा सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पुरलं कुणी त्यांना?"

"माहीत नाही, बाईसाहेब."

"शेवटचा पापकबुलीजबाब कुणी ऐकला?"

"कुणी नसेल. घाई होती."

"म्हणजे पडताना पाहिलंस. मेलेलं पाहिलं नाहीस." ती बोदेकडे वळली. "हिची धर्ममाता मी आहे. मला विचारल्याशिवाय हिला हात लावायचा नाही."

हे खरंच होतं. माणसाच्या मुलासारखा आम्हा घंटांचाही बाप्तिस्मा होतो. फिरत्या ओतार्‍यानं मला याच अंगणात खड्डा खणून ओतलं. माती, शेण आणि घोड्याचे केस कालवून साचा केला होता. गावातल्या बायकांनी कुणी फुटकी पातेली दिली, कुणी बक्कल. मी थंड झाले तेव्हा पाद्रीबाबांनी मला पाण्यानं धुतलं, तेल लावलं, आणि ओदियेर्ननं आणलेल्या पांढऱ्या कापडात गुंडाळलं. ती तेव्हा पोटुशी होती. धर्मपिता म्हणून सरदार अँसो उभा होता. दोघांची नावं माझ्या कमरेवर कोरली, आणि मला तिचं नाव दिलं.

"आता घरात दोन ओदियेर्न झाल्या," अँसो म्हणाला. "एकीचा आवाज चार कोसांवर जातो. दुसरीचा त्याहून लांब."

"आणि तुम्हाला दोघींचाही ऐकू येत नाही," ती म्हणाली. लोक हसले.

तो काही मोठा सरदार नव्हता. एक गढी, तीन गावं, एक गिरणी. नाक मोठं, गळा बेसूर. तरुणपणी शेजारच्या सरदाराशी भांडून एक हिवाळा त्याच्या तळघरात कैद काढलेली, आणि सुटल्यावर त्याच्याच लग्नात जेवून आलेला. मठातल्या साधूंशी कुरणाच्या हद्दीवरून त्याचं कायम वाजायचं. दिलेला शब्द मात्र तो कधी फिरवत नसे. धर्मयुद्धाला जाण्याचा शब्दही त्यानं असाच एका जेवणावळीत देऊन टाकला होता. निघाला तेव्हा मी वाजत होते. त्यानं वळून पाहिलं की नाही ते मला कळलं नाही. माणसाचं मन मला फक्त दोरातून कळतं, आणि त्यानं कधी दोर धरला नाही.

त्या दिवसानंतर गाव दोन तोंडांनी बोलू लागलं.

सरदाराचा धाकटा भाऊ गीबेर आठवड्याभरात आला. धनी मेले तर मुलगा मिलों मोठा होईपर्यंत जहागिरीचा कारभार गीबेरकडे जाणार होता. धनी जिवंत असतील तर तो त्यांच्या बायकोकडे. त्यामुळे माझे तीन-तीन टोल म्हणजे नुसता शोक नव्हता.

"वहिनी, दादा माझाही होता," तो म्हणाला. "मलाही रडायचंय. पण तू रडू देत नाहीस."

"रडा की भावजी. रडायला घंटा कशाला लागते?"

नदीवर कपडे धुणाऱ्या बायकांनी तर सरळच विचारलं, हिला नवरा हवाय की किल्ल्या? हा प्रश्न वारा माझ्यापर्यंत घेऊन आला. तिच्यापर्यंतही गेलाच असणार. मला उत्तर ठाऊक नव्हतं. त्या वेळी तिला तरी होतं का, देव जाणे.

तिला खरं हललेलं मी एकदाच पाहिलं. पाद्रीबाबा उर्सो मनोऱ्याखाली तिच्याशी बोलले तेव्हा. म्हातारा भला माणूस होता, आवाज चढवत नसे.

"बाई, तो जिवंत असेल तर आपण टोल दिल्यानं त्याचं काही बिघडत नाही. पण मेला असेल तर? टोल नाहीत म्हणून मृतासाठीचा मिस्साविधी नाही, मिस्सा नाही म्हणून कुणाची प्रार्थना नाही. तो तिकडे पापं जाळणाऱ्या आगीत पडलाय, आणि तू त्याचं पाणी अडवून धरलंयस."

ती म्हणाली, "आणि जिवंत असला, आणि गावानं त्याला मेलेला ठरवून टाकला, तर परत येऊन तो उभा कुठं राहील, बाबा?"

पाद्रीबाबा प्रामाणिक होते. त्यानंतर त्यांनी टोलांचा आग्रह धरला नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती माझ्याखाली गुडघे टेकून बसायची. "तो जिवंत असेल तर सुखरूप येऊ दे," इथवर म्हणायची. "आणि नसेल तर—" इथं थांबायची. पुढचे शब्द मी कधीच ऐकले नाहीत.

ईस्टरच्या आधी तीन दिवस आम्हाला मुकं ठेवतात. मुलांना सांगतात, घंटा उडून रोमला गेल्यात, रविवारी परत येतील. मुलं आभाळाकडे बघत बसतात. मी कुठंही गेलेली नसते. मी इथंच लटकलेली असते, आणि त्या दिवसांत मनोऱ्यावर कुणीसुद्धा फिरकत नाही. एका वर्षी मात्र ती चढून आली. कबुतरांची विष्ठा बाजूला सारून माझ्याशेजारी बसली.

"तूही गेलीस म्हणतात," ती म्हणाली. "आणि आहेस इथंच."

तिनं पाठ माझ्या काठाला टेकली. मग पायऱ्यांवर मिलोंची हाक आली, "आई", आणि ती उतरून गेली. माझ्याशी इतकं कुणी कधी बोललं नाही. माझा उपयोग लोकांना बोलवायला, माझ्याकडे यायला नव्हे.

मिलों मोठा झाला. कमरेला तलवार आली, दाढी आली. गीबेरकाका घोड्यावरून पडून अधू झाला आणि कारभाराचा नाद त्यानं सोडला. आता किल्ल्यांचं भांडण उरलं नाही. पण मिलोंला थोरल्या उमरावांपुढे गुडघे टेकून जहागीर आपल्या नावानं घ्यायची होती, आणि बाप जिवंत असताना ती मुलाला मिळत नाही.

तो आईला घेऊन चर्चमध्ये आला. खाली दोघंच होती.

"आई, माझं वय झालं. काकाचं भय संपलं. आता तरी बाबांना मरू दे."

"मी कुठं धरून ठेवलंय?"

"तूच धरलंयस. मी गढीचा मालक नाही, पोरकाही नाही. लोक विचारतात, तू कोण? मी म्हणतो, मी बाबांच्या जागी आहे. किती दिवस जागी राहू?"

ती त्याच्या दंडाला धरून दोराजवळ गेली. दोर त्याच्या हातात दिला. "घे. ओढ. मी अडवत नाही."

त्यानं ओढला नाही. मला त्याच्या हाताचा ताण कळला आणि सैल पडलेलाही कळला.

"मी गेले की वाजव," ती म्हणाली. "मेल्यावर तिकडे जाऊन मी बघते, आहे का हा माणूस. नसेल तर येऊन तुला सांगता येणार नाही, तेवढीच अडचण."

दोघंही थोडी हसली. त्या दिवशी मला धुणाऱ्या बायकांच्या प्रश्नाचं उत्तर कळलं, तिला किल्ल्या नव्हे, नवराच हवा होता; पण त्या बायका तोवर एकेक करून माझ्याच दोन-दोन टोलांनी गेल्या होत्या.

थोरल्या उमरावांनी तोड काढली. मिलोंनं बापाच्या वतीनं गुडघे टेकावेत, बाप येईपर्यंत. त्यानं तसं केलं.

ओदियेर्न गेली ती गवत कापायच्या दिवसांत. खोकला धरला होता, मग ताप. म्हातारा झालेला बोदे घाम पुसत आला आणि मी तिच्यासाठी वाजले. दोन-दोन. माझ्या धर्ममातेसाठी, माझ्याच नावासाठी. कुरणातली सगळी माणसं विळे टाकून उभी राहिली.

टोल संपले. मिलों माझ्याखाली उभा होता.

"धाकटे धनी," बोदे म्हणाला, "माझे हात गरम आहेत तोवर मोठ्या धन्यांचंही उरकून घेऊ का? बाईसाहेबांनी मलाही तसंच सांगून ठेवलं होतं."

मिलोंनं दोरावर हात ठेवला.  बापाला त्यानं पाहिलेलंही आठवत नव्हतं. त्या माणसाची वाट पाहणारं एकच माणूस होतं, आणि ते आता मातीत जाणार होतं. त्यानं हात काढला तर वाट पाहणारा तो एकटा उरत होता, आणि ओढला तर कुणीच नाही.

"आज नको," तो म्हणाला. "आजचा दिवस आईचा. उद्या वाजवू."

दुसऱ्या दिवशी गवत भिजायच्या आत गोळा करायचं होतं. मग उमरावांचा सांगावा आला. मग बोदेच गेला, आणि त्याच्यासाठी मी नव्या हातांनी वाजले. मिलों मनोऱ्याखालून जाताना वर बघायचा आणि पुढे जायचा. तो म्हातारा होऊन मेला तोवर उद्या उजाडला नाही.

त्याच्या मुलीला, पेरोनेलला, एवढंच ठाऊक होतं की आजोबा समुद्रापलीकडे आहेत. "आहेत" असंच घरात म्हणत. तिच्या मुलांच्या काळात प्लेगची काळी साथ आली. रोज इतके मरू लागले की टोल ऐकूनच आजारी माणसं धीर सोडत, म्हणून मला बंद ठेवलं. त्या वर्षी किती माणसं आवाजाविना गेली. मला वाटलं, आता अँसो एकटा नाही. ते बरं वाटण्यासारखं नव्हतं.

जे वाचले त्यांच्यातल्या एकानं लढाईत गढी गमावली. पुढचा दुसऱ्याच्या गढीवर कारभारी झाला. त्याचा नातू गावात जोडे शिवू लागला. मोठं नाक मात्र पिढ्यान्‌पिढ्या बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी येत राहिलं, आणि मी त्यांच्या जन्माला, लग्नाला, मरणाला वाजत राहिले. आपण कुणाचे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं, पण मला विचारणार कोण?

क्रांतीत राजाचं डोकं उडवलं त्या वर्षी माणसं शिडी लावून आली. माझी जोडीदारीण, लहान घंटा, वितळवून तोफ ओतायला खाली नेली. मला ठेवलं, पण सरदाराचं नाव कशाला म्हणून छिन्नी घेऊन माझी कंबर खरवडली. छिन्नीवाला जोडेवाल्याच्याच घरचा होता. त्यानं स्वतःच्या पूर्वजाचं नाव नीट, मन लावून काढून टाकलं. ओदियेर्न हे नाव देवभोळ्या बाईचं वाटलं, म्हणून राहू दिलं.

एका कडक थंडीत पहाटेची वाजताना मला तडा गेला. आवाज पत्र्यासारखा येऊ लागला. मनोऱ्यात नवी घंटा आली, ती विजेवर वाजते. मला खाली उतरवून लाकडी ओंडक्यांवर ठेवलं, दरवाजाच्या उजव्या हाताला. लोक जाताना माझ्यावर छत्री टेकवतात.

मागच्या शरदात सॉलांज नावाची एक बाई आली. जवळच्या शहरात तिचं पावाचं दुकान आहे. नवऱ्याच्या दफनाआधीची प्रार्थना नुकतीच झालेली. सगळे बाहेर गेले तरी ती माझ्याशेजारच्या बाकावर बसून राहिली. निवृत्त शाळामास्तर येऊन शेजारी टेकले. त्यांना गावातल्या घराण्यांचा नाद आहे.

"तुम्हाला सांगतो, तुमच्या आईकडून तुम्ही सरळ सरदार अँसोच्या वंशातल्या."

"मग गढी मिळेल का?"

"दोन भिंती उरल्यात."

"असू देत. पाव ठेवायला जागा झाली." ती हसली, मग डोळे पुसले. "कधी गेला तो?"

"ते कुठंच सापडत नाही. धर्मयुद्धाला गेला, एवढंच कळतं."

"म्हणजे अजून जिवंतच म्हणायचा," ती म्हणाली. "बायकोनं बिचारीनं काय केलं असेल?"

 तिनं आधारासाठी माझ्या काठावर हात ठेवला आणि उठली. वरची घंटा तेव्हा तिच्या माणसासाठी वाजत होती, तीन-तीन. ती दारात थांबून शेवटचा टोल होईपर्यंत ऐकत राहिली, आणि मग गेली.

मला आता वाजता येत नाही. अँसोचे टोल द्यायचे राहून गेले.